पिशवीतलं तिसरं रीळ

भूत, करणी, चकवा... यातलं काहीच मी मानत नाही. उभा जन्म प्रोजेक्टर चालवण्यात गेला. पडद्यावरची भुतं माझ्याच हातून जायची. तरी हे लिहितो आहे, कारण एका माणसाला मी फसवलं होतं आणि ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या ऑफिसांत बदलून आलेले साहेब आणि गावातले काही हौशी मिळून फिल्म क्लब निघाला. रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना काळी कापडं लावून. क्लबचा जीव म्हणजे कापडवाले शिवअप्पा. कपाळाला विभूती आणि वेड युरोपातल्या हॉरर सिनेमांचं. साहेब लोक त्या सिनेमांना थिल्लर म्हणायचे. अप्पा म्हणायचे, "यात भूत दिसत न्हाई. भीती दिसते."

खरं होतं ते. एका इटालियन सिनेमात पांढऱ्या भिंतींचं गाव होतं, भर ऊन होतं, आणि एक बाई हरवलेल्या बहिणीला शोधत फिरायची. कुणी किंचाळत नाही. नुसता वारा. असं भिववणं नावाजलेल्या सिनेमांनाही जमलं नाही, असं मला आजही वाटतं.

अप्पांना काचबिंदू होता. हा सिनेमा हैदराबादहून यावा म्हणून त्यांनी किती पत्रं लिहिली. मला म्हणाले, "एवढा बघू दे दत्तू, मंग डोळे गेले तरी चालतंय."

दुष्काळाचं वर्ष. दुसरं रीळ संपत आलं आणि बाहेर ओरडा झाला – टँकर आला. घरी बायको बाळंतीण, रांजण कोरडा. तिसरं आणि शेवटचं रीळ मी लावलंच नाही. दिवा बंद केला, रिळाला कुणी हात लावू नये म्हणून डबा पिशवीत टाकला आणि मागच्या दारानं निघालो. टँकरच्या रांगेत ती पिशवी माझ्या खांद्याला होती.

परत आलो तर हॉल रिकामा. कुणी तक्रार केली नाही. असे सिनेमे अर्धवटच संपतात असं लोकांना वाटलं असेल, म्हणून मीही गप्प राहिलो. डबा परत पाठवला तेव्हा त्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. वर्षभरात अप्पांची नजर गेली. मग तर तोंड दाखवायची हिंमतच झाली नाही.

यंदा नांदेडहून, मुलाकडून, मुद्दाम शिरूर अनंतपाळला गेलो. अप्पा तिथे नातीकडे असतात. सगळं सांगून टाकलं.

अप्पा हसले. "मंग मी काय कोरी भिंत पाह्यली व्हय रे?"

"शेवट पुस्तकात वाचला असेल, अप्पा."

"बहिणीच्या डाव्या पायात चप्पल न्हाई, हे पुस्तकात लिहित्यात?"

नातीनं लॅपटॉपवर सिनेमा शोधला. तो शेवट मी कधीच पाहिला नव्हता. अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. "आता अंगणात चादरी वाळत असतील... वारं येईल... मधली पडंल. मागं ती बसली आसंल, पाठमोरी."

चादर पडली. मागे ती बसली होती, पाठमोरी. डावा पाय उघडा.

मी हात जोडले. ते त्यांना दिसले नाहीत.

कसं झालं, मला ठाऊक नाही. रीळ माझ्या खांद्याला होतं, एवढं मी शपथेवर सांगतो. निघताना अप्पांनी विचारलं, "त्या दिशी पाणी घावलं का तुला?"

"दोन घागरी."

"मंग झालं तर. सांगायचं की येड्या, मीबी घागर घिऊन आलो असतो."

परतीच्या एसटीत नांदेड येईपर्यंत मी गाढ झोपलो होतो. कंडक्टरनं हलवून उठवलं.