देव घटी बसले... आणि त्यांच्यात एक मेडल

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी सहाला मी मिरजेतल्या आमच्या घरात रिकामी डबी हातात घेऊन उभा होतो. सातची म्हसवडची एसटी पकडायची होती... आणि डबीतलं मेडल गायब!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. एका गिऱ्हाईकानं एकदा एक मेडल फ्रेम करायला दिलं आणि न्यायला कोणी फिरकलंच नाही. कडेवर कोरलेल्या नावावरून चौकशी केली, तर माणूस नौदलातला, लढाईत बोटीबरोबर गेलेला.

तेव्हापासून हा नाद लागला. सातारा-सांगली भागात घरटी एक फौजी, पण बहुतेक सगळे पायदळातले. समुद्रात गेलेल्यांची नावं त्यांच्या गावालाही आठवत नाहीत. त्यांची मेडलं मी जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून, सराफांकडून शोधून आणतो, फ्रेम करतो आणि शाळाशाळांत मांडतो. घरचे म्हणतात, याचं डोकं फिरलंय. असो.

हे मेडल मात्र विकत घेतलेलं नव्हतं. ते मागून आणलेलं होतं.

म्हसवडजवळच्या एका वस्तीवर आक्का राहतात. त्यांचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत बोट बुडून गेला. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथला पोरगा पाण्यातच राहिला... देह मिळाला नाही. घरातल्या गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवात ठेवतात, पण आक्कांच्या आईनं टाक केलाच नाही. सरकारकडून आलेलं मेडलच कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं.

पन्नास वर्षं ते देवांबरोबर चिंचेनं घासलं जातंय. कडेवरचं नाव पार पुसून गेलंय.

साताऱ्यातल्या एका शाळेत प्रदर्शन होतं म्हणून मी मागितलं. आक्कांनी ते आजवर कुणाच्या हातात दिलेलं नव्हतं. मला देताना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, न्या. पन घटाच्या आदी आणा. दादा घटाला बसतो आमच्यात."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. आणि आता ही रिकामी डबी!

पिशवी उलटी केली. कपाट, गादीखाली, स्कूटरची डिकी... सगळं झालं. आक्कांना काय सांगायचं? एकदा बुडालेला भाऊ मी दुसऱ्यांदा बुडवला, असं सांगायचं?

शेवटी देवघरात आत्याला विचारायला गेलो. माझी आत्या आमच्याकडेच असते, वय ऐंशीच्या पुढं, एका डोळ्यात मोतीबिंदू. पहाटे उठून तिनं घट बसवूनही टाकले होते. विड्याच्या पानांवर सगळे देव ओळीनं बसलेले, वर पहिली माळ... आणि जोतिबाच्या शेजारी, स्वतंत्र पानावर, आक्कांचा दादा.

चूक माझीच. आदल्या दिवशी घरचे टाक सराफाकडून उजळून आणून बाहेरच्या खोलीत पाटावर ठेवले होते आणि मेडलची डबीही मी त्याच पाटावर ठेवली होती. आत्यानं ती उघडली, आत गोल काहीतरी दिसलं, त्यावर कुंकू दिसलं. तिनं देव म्हणून बसवलं.

मी हात पुढं केला, तशी आत्या कडाडली. "दिल्या, हात मागं घे! घटी बसल्यालं देव दसऱ्याशिवाय उठवत न्हाईत."

ती माझी अडचण ऐकूनच घेईना. मी तसा फार देवभोळा नाही. आत्या स्वयंपाकघरात जाईपर्यंत थांबून मेडल गुपचूप उचलावं, हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू... पण हात धजेना. इकडून उचललं तर आत्या नऊ दिवस अन्नाला शिवणार नाही, नाही उचललं तर तिकडं आक्का वाट बघत बसणार.

साडेसहाला आक्कांना फोन लावला. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता बाई रडणार.

"खाली पान हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे आक्का."

"शेजारी कोन हाय?"

"जोतिबा."

मग त्यांचा आवाज आला, जरा ओला. "मंग नका उठवू, भाऊ. आमची भावकी हसती आमाला, पत्र्याचा बिल्ला देवात ठिवलाय म्हनून. तुमच्या आत्तीला तर कुनी सांगितलं बी न्हवतं... तरी तिनं त्याला देवातच बसवला की वं."

मी फोन आत्याच्या कानाला लावला. दोघी पाच-दहा मिनिटं बोलल्या, जन्माची ओळख असल्यासारख्या. आक्कांनी दादाचं नाव सांगितलं, आत्यानं दोनदा म्हणून पाठ केलं.

फोन ठेवताना मी विचारलं, "आक्का, तुमच्या घटाचं काय?"

"त्याच्या पानावर सुपारी ठिवते. दसऱ्यापतूर भागंल."

आज तिसरी माळ. आत्या फूल वाहताना जोतिबानंतर न चुकता ते नाव घेते... "रघुनाथ." इतकी वर्षं ही नावं मी शाळेतल्या भिंतींवर मांडत आलो. पण त्यातलं एखादं माझ्याच घरात, रोज सकाळी कुणीतरी मोठ्यानं हाक मारल्यासारखं घेईल, असं कधी वाटलं नव्हतं. आक्का, तुमचे उपकार आहेत.