दोन दिवस नजरेआड

माझा हात जड आहे. हे मी तेराव्या वर्षापासून ऐकत आले, आणि साठी जवळ येईपर्यंत मला ते माझ्या रक्तगटाइतकं पक्कं माहीत होतं. पोळी फाटली, हात जड. वेणी घालताना लेक ओरडली, हात जड. वर्गात फळ्यावर खडू मोडला तरी मी मनातल्या मनात म्हणायचे, चला, जडच हात आपला. या सगळ्याचं मूळ एकच होतं: आईनं मला शिकवलेली जाळीची शाल.

ही शाल आमच्या माहेरची रीत. वडील रेल्वेच्या नोकरीत उज्जैनला आले, माधव नगरात घर बांधलं आणि इथलेच झाले. घरात बोलणं निम्मं हिंदी झालं, पण बारशाला बाळावर आईच्या हातची शाल पडायची म्हणजे पडायचीच. दीड हात लांब, दीड हात रुंद, सगळी नक्षीदार जाळी. आणि लोकर नवी नाही. बाळाचं पहिलं पांघरूण नव्या लोकरीचं करायचं नाही, घरातल्या माणसांच्या स्वेटरमधून उरलेले गोळे घ्यायचे. "जे पुरून उरलं तेच बाळाला लाभतं," आई म्हणायची. इंदूर, देवास, पार पुण्यापर्यंतच्या नातेवाइकांना ही शाल ठाऊक होती. बायका पाळण्यात वाकून आधी शाल बघायच्या आणि मग बाळ.

आईनं मला ती शिकवली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. दोन टाक्यांचा एक करायचा, धागा सुईवर घेऊन एक नवा टाका वाढवायचा, म्हणजे तिथे भोक पडतं. जितके टाके मिटले तितके वाढले पाहिजेत. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले, त्याची सुरुवात त्या सुयांवरच झाली असं मला वाटतं. माझी मोजणी कधी चुकली नाही. शेवटच्या ओळीला टाके बरोबर तितकेच भरायचे.

शेवटची पायरी आईनं आवाज खाली आणून सांगितली होती. शाल सुईवरून उतरली की दोन दिवस कुणाच्या नजरेस पडू द्यायची नाही. जाळी नाजूक असते, दृष्ट लागली की आखडते. ती स्वतः शाल मागच्या खोलीत न्यायची आणि बाहेरून कडी लावायची. तिसऱ्या दिवशी ती शाल बाहेर आणायची तेव्हा पानं पानांसारखी, भोकं भोकांसारखी, सगळं मोकळं झालेलं असायचं.

मीही तसंच केलं. माझी पहिली शाल मी वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात तळाशी ठेवली. दोन दिवस कपाट उघडलं नाही, गणवेशही आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी शाल काढली तर ती होती तशीच. आखडलेली, गोळा झालेली, भांडी पुसायचं फडकं बरं. आईनं ती बोटांत चोळून बघितली आणि म्हणाली, "हात जड आहे गं तुझा. टाका घट्ट पडतो. राहू दे."

हसू नका, मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते कपाटाचं सोंग केलं. लग्नानंतर सासरच्या कपाटात. नवऱ्यालाही बघू द्यायची नाही, तो बिचारा स्वतःचा रुमाल घ्यायला आला तरी मी त्याच्या अंगावर ओरडायची. हात सैल सोडून बघितला, जाड सुया घेऊन बघितल्या. भावाच्या मुलांसाठी केल्या, नणंदेच्या मुलांसाठी केल्या, माझ्या स्वतःच्या लेकीसाठी केली. प्रत्येक वेळी आई म्हणायची, "ठीक आहे, पण जाळी खुलली नाही," आणि बारशाला वहिनीनं केलेली शाल पुढे यायची. वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, लग्न होऊन आली तेव्हा तिला सुलट टाका आणि उलट टाका यातला फरक कळत नव्हता. वर्षाच्या आत तिची शाल खुलायला लागली. "हिचा हात हलका आहे," आई पाहुण्यांना सांगायची. मी तिथेच बसलेली असायची.

मोबाइलवर विणकामाचे हजार नमुने असतात, मी स्वेटरचे बघतेही. पण शाल तिथे कधी शोधली नाही. ती आईची होती. आईनं शिकवलेलं पुन्हा कुणा परक्याकडून काय शिकायचं?

गेल्या हिवाळ्यात माझी लेक बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. मी आधीच आईकडे जाऊन सांगून आले होते की या बारशाला शाल माझी. कशी का असेना, नातीवर आजीची शाल पडेल. ब्याऐंशी वर्षांच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "कर हो तू. तुझाच हक्क आहे." मला रडू आलं होतं. लेकीच्या शाळेच्या स्वेटरची मरून लोकर, नवऱ्याच्या स्वेटरची राखाडी आणि कडेला पांढरी, अशी मी ती विणली. दोन दिवस कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी जशीच्या तशी बाहेर आली, पण या वेळी मला वाईट वाटलं नाही, कारण आई हो म्हणाली होती.

बारशाला चार दिवस होते. थंडी फार म्हणून त्या दिवशी शाळा अचानक लवकर सुटली, तेव्हा मी रिक्षानं थेट माधव नगरला गेले. माहेरचा पाळणा मागच्या खोलीत असतो, तो न्यायचा होता, आणि शालही पिशवीत होती, आईला दाखवायला. आई दादाबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी खालूनच ओरडून सांगितलं आणि मागच्या खोलीकडे गेले. कडी काढलेलीच होती.

खाटेवर गादी, गादीवर जुनी चादर, आणि चादरीवर एक शाल. ओली. चारी बाजूंनी ताणलेली, आणि कडेच्या प्रत्येक टोकाला एकेक टाचणी गादीत खुपसलेली. खोलीत ओल्या लोकरीचा वास होता. वडिलांच्या मफलरची निळी लोकर मी लगेच ओळखली. ताणामुळे एकेक पान वेगळं दिसत होतं, एकेक भोक उघडं.

मी शिक्षिका आहे, मला फळ्यावरचं लवकर समजतं. तरी मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. आधी वाटलं, शाल धुतली असेल. मग वाटलं, टाचण्या कशाला? आणि मग एकदम पंचेचाळीस वर्षं समोर येऊन उभी राहिली. शाल भिजवायची, ताणून टाचायची आणि वाळू द्यायची, की जाळी खुलते. कुणाचीही खुलते. दृष्ट नाही, नजर नाही, हात हलका नाही आणि हात जडही नाही.

"अरे देवा," मागून वहिनी म्हणाली. तिच्या हातात रिकामी बादली होती. "ताई, तुम्ही इकडे कशाला आलात? मी कडी लावायची भूलच गेले."

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

तिनं बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमच्या नातीसाठी. आई बोलल्या की ताईंचं मन ठेवायचं म्हणून हो म्हटलं, पण सगळ्यांसमोर शाल तर ढंगाची पाहिजे ना."

"आणि हे?" मी टाचण्यांकडे बोट दाखवलं.

वहिनी खाटेच्या कडेला बसली. ती वाईट बाई नाही, हे मला त्या रागातही कळत होतं. "माझं लग्न झालं ना, पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं आईंनी. कसम घातली की ताईंना नाही सांगायचं. बोलल्या, लेकीबरोबर सगळं पाठवलं, भांडी, दागिने, सगळं. हे एक घरात राहू दे. तिनं केली तर तिच्या सासरची शाल होईल, आपली नाही राहणार." मग हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या हातात काहीच खराबी नाहीये. मी किती वेळा बघितलं, तुमचा टाका माझ्याहून साफ असतो."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला तर असं झालं की ती बादली उचलावी आणि भिंतीवर आपटावी. एखादी गोष्ट शिकवायची नव्हती तर नको शिकवू, आई. सांगायचं होतं, की हे सुनेसाठी आहे. मी रुसले असते आणि विसरले असते. पण तू मला अर्धं शिकवलंस, उरलेल्या अर्ध्यावर दृष्टीची गोष्ट पांघरलीस, आणि माझी शाल आखडली की माझ्याच हाताला नाव ठेवलंस. एकदा नाही, प्रत्येक वेळी, बोटांत चोळून बघून.

निघताना वहिनीनं माझा दंड धरला. "माझं नाव मधे येऊ देऊ नका. या वयात मला घरात त्यांच्याबरोबरच राहायचंय. तुम्ही बोला, मोबाइलवर बघितलं." मी तिला शब्द दिला. पाळणा न घेताच घरी आले.

घरी आल्यावर ट्रंकेतून माझ्या सगळ्या नाकारलेल्या शाली काढल्या. नऊ निघाल्या. बादलीत कोमट पाणी केलं, एकेक भिजवली, टॉवेलात दाबून पाणी काढलं आणि घरातल्या सगळ्या गाद्या जमिनीवर टाकल्या. टाचण्या शाळेच्या डबीतल्या. लेक बाळाला मांडीवर घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "वाळवण." गुडघ्यांवर सरकत सरकत मी एकेक टोक ताणत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत पानं उघडत होती. दोन शाली नायलॉनच्या होत्या, त्या वाळल्यावर पुन्हा आखडल्या. एकीच्या कडेला टाचण्यांचा गंज लागला. बाकीच्या सहा अशा झाल्या, की मी त्या खिडकीशी धरून बघितल्या आणि ओक्साबोक्शी रडले. त्यातली एक मी तेराव्या वर्षी केलेली होती. ती तेव्हाही अशीच होती, फक्त कुणी तिला पाण्यात घातलं नव्हतं.

मरून-राखाडी शाल मी सगळ्यात शेवटी टाचली. दोन दिवस गादीवर, भर उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. दूधवाल्यानंसुद्धा बघितली.

बारशाच्या दिवशी आई दादाच्या हाताला धरून आली, मागे वहिनी. दादानं पाळणा आणलाच होता. बाळाच्या कानात कुर्र झालं, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. आईनं पिशवीतून निळ्या शालीचं पुडकं काढलं आणि पाळण्याजवळ आली. बाळावर माझी शाल होती. आई थांबली. पुडकं बगलेत धरून वाकली, शालीची कड नेहमीसारखी बोटांत चोळली. डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल काय सांगितलं होतं मला माहीत नाही, पण तिची बोटं चुकत नाहीत.

"अगं बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हात सुटला की गं तुझा शेवटी!"

सगळ्या बायका कौतुकानं हसल्या. आई इतक्या सहज बोलली, की त्या क्षणी मला खात्री पटली, ती हे मरेपर्यंत असंच बोलत राहणार. मोबाइलवर बघितलं, हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. तेवढे बोलले असते तर वहिनीला दिलेला शब्द राहिला असता आणि बारसंही छान पार पडलं असतं.

"हात तोच आहे, आई," मी म्हटलं. "या वेळी टाचण्या लावल्या."

मला वाटलं होतं, आता तरी ती माझ्याकडे बघेल. ओशाळेल, रागावेल, काहीतरी होईल. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले. आईनं शालीची कड सोडली आणि मान वळवून आधी वहिनीकडे बघितलं. घुगऱ्यांचं ताट हातात घेऊन वहिनी माझ्याकडे बघत होती.