मायचं मोहाचं झाड

माझ्या मायला शुगर, बीपी, हृदय आणि गुडघे असे चार आजार, आणि चारही आजारांचे डॉक्टर वेगळे. प्रत्येकाने आपापली गोळी लिहून दिली आणि माय सगळ्यांच्या गोळ्या इमानदारीने गिळायची. मी गडचिरोलीला नोकरीला, ती मोहर्लीकडच्या आमच्या गावात एकटी. दर फोनवर मी तेच विचारायचे, "गोळ्या घेतल्या का?" ती वैतागायची, "घेतल्या ना व बाई, किती डोकं खाशील!"

त्या वर्षी मोहाची फुलं गळायच्या दिवसांत ती वेचता वेचता झाडाखालीच चक्कर येऊन पडली. शेजारच्या बाया सोबत होत्या म्हणून वाचली, नाहीतर त्या जंगलात वाघ काय वाट पाहत बसतो? मी तिला गडचिरोलीला आणली आणि म्हाताऱ्या माणसांना पाहणाऱ्या एका डॉक्टरांकडे नेली.

त्यांनी सगळी औषधं टेबलावर ठेवायला लावली, आणि तपासायच्या आधी चक्क गप्पाच मारत बसले.

"बाई, मोह वेचाले निघता केव्हा?"

"कोंबडा आरवाच्या आधी."

"आणि जेवता?"

"घरी आल्यावर. ऊन चढते तवा."

"मग शुगरची गोळी?"

"उठल्याबरोबर. जेवणाच्या आधी घ्या म्हनलं होतं ना डॉक्टरनं!"

जेवणाआधी म्हणजे किती आधी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. गोळी पोटात, पोट रिकामं, आणि माय उन्हं चढेपर्यंत वाकून वेचत राहायची. शुगर उतरणार नाही तर काय होणार!

डॉक्टरांनी ती गोळी जेवणासोबत करून दिली. दोन गोळ्या एकाच कामाच्या निघाल्या, त्यातली एक बंद केली. मग गुडघ्याचं पाकीट उचललं. "बाई, ही दुखण्याची गोळी तुमची किडनी खाऊन राह्यली. ही बंद करा लागते."

मायचा चेहरा पडला. "ते नाई घेतली तं मले खाली बसता येत नाई. मंग मोह कसा वेचू?"

"नको वेचू ना!" मी ओरडलेच. "जिवापेक्षा मोह मोठा आहे का तुले?"

"सोडलं तं झाड दुसऱ्याचं होते," माय म्हणाली.

आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागद काही नसतो. जे घर दरवर्षी वेचतं, त्याचं ते झाड. हे झाड मायला तिच्या सासूकडून आलेलं. बाप गेला त्या वर्षीही तिने ते सोडलं नव्हतं.

मला वाटलं, आता डॉक्टर तिला रागावतील. तर ते माझ्याकडेच वळले. "किडनी गेली तर मशीनवर न्यावं लागेल, आठवड्यातून दोन-तीनदा. तेही नको आणि झाडही सुटायला नको, तर वाकायला दुसरं कोणीतरी पाहिजे. तुम्हाला सुट्टी मिळते का?"

असा राग आला म्हणता! आजार मायचा आणि चिठ्ठी माझ्या नावाने! पण "मिळते" म्हणाले, कारण मला माझी माय हवी होती.

पुढच्या मोहाला मी सुट्टी टाकून गावी गेले. उजाडल्यावर माय भाकर आणि गोळी खाऊन माझ्यासोबत निघाली. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि मी वेचायला लागले.

"अवं, तुडवून राह्यली तू! पायाखाली पाह्य ना!" बराच वेळ असं चाललं. मग तिचा आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर पदर डोळ्यांना.

"काऊन रडून राह्यली माय? दुखते का? रिपोर्ट तं चांगला आला ना?"

"आला ना बाई. डॉक्टर देवमाणूस आहे." तिने नाक पुसलं. "पन मी इथी बसून आहे अन् माह्या झाडाखाली दुसऱ्याचे हात फिरून राह्यले. मी मेल्यावर असंच दिसन."

मी खाली मान घालून वेचत राहिले.