टेपिश म्हणजे पांघरूण

दोन हजार दहाच्या बर्फात मी विलायतेत लेकाच्या अंगणात घसरले, पाय मोडून घेतला आणि हॉस्पिटलात पडले. शेजारच्या खाटेवर एक जर्मन म्हातारी होती. रोज सकाळी स्वतःची उशी ठोकून ठोकून चौकोनी करायची आणि माझी वाकडी दिसली की बोटानं दटावायची. थंडी वाजली की म्हणायची, "टेपिश, टेपिश." आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून छान जमायचं. तिनंच मला सांगितलं, "आमच्या श्वाबेनमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या बाजूला, टेपिश म्हणजे पांघरूण. बाकीच्या जर्मनीत गालिचा. हसतात मेले आम्हाला!" मी म्हटलं, बाई गं, मी गोधडीला वाकळ म्हटलं की माझी पुण्याची सूनही अश्शीच हसते.

एके दिवशी तिची लेक आली. डॉक्टरांनी तिला विचारलं, "या घरी एकट्या राहू शकतील का?"

"कशी राहील? अंगावर गालिचा घाला म्हणते!"

डॉक्टरांनी मान हलवून ते लिहून घेतलं.

ते पुढे गेले तशी मी लेकीला हाक मारली. "अगं पोरी, टेपिश म्हणजे तुमच्याकडे पांघरूणच ना? सांग की त्यांना!"

ती पर्स उचलत म्हणाली, "ठाऊक आहे मला. लहानपणी मला तेच घालून झोपवायची." आणि वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करायला गेली.

म्हातारीला ऐकायला चांगलं येत होतं. मी मात्र तिच्याकडे बघायचं टाळलं.