सासूबाईंनी मारलेला सूर

परवा कुंडीत पाणी घातलं, ओल्या मातीचा वास आला आणि मला सांगलीतल्या सांडपाणी प्रकल्पावरची नोकरी आठवली. टाकीत हवा सोडून घाण खाणारे जिवाणू आम्ही वाढवायचो. ते रुजले, तेव्हा दुर्गंधी जाऊन अगदी हाच वास सुटला होता.

माझं सासर कृष्णेकाठी, शहराच्या खालच्या अंगाला. पूर्वी गटाराचं पाणी तसंच नदीत सुटायचं. पोहून आलं की अंगाला खाज सुटे. सासूबाई पट्टीच्या पोहणाऱ्या, पण त्यांनी नदीच सोडली होती. माझ्या नोकरीला त्या ‘गटारातली नोकरी’ म्हणत.

प्रकल्प सुरू झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना घाटावर नेलं. शेवटच्या पायरीभोवती मासे फिरत होते. त्या बघतच राहिल्या.

“ह्ये तुमी केलंय व्हय?”

“आम्ही सगळ्यांनी.”

त्यांनी कासोटा घातला आणि थेट सूर मारला. मधल्या धारेत डोकं वर काढून घाटावरच्या बायकांना ओरडल्या, “आवं, बगताय काय? उतरा की! माज्या सुनंनं नदी धुतलीया!”

तेव्हा मी लाजून चूर झाले होते. आज वाटतं, याहून मोठा सत्कार माझा कधी झालाच नाही.