सतरा नंबरचा फॉर्म

आमच्या चारकोपच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंइतकं हट्टी माणूस अख्ख्या उपनगरात दुसरं नसेल. दिसेल त्याला त्या दहापैकी गुण द्यायच्या. स्टाफरूमच्या चहाला चार, कारण "साखर घोकून टाकलीय, समजून नाही." सख्ख्या भाच्याच्या लग्नात व्याह्यांना तोंडावर सांगून आल्या, "जेवण आठ, भाषणं शून्य." पोरांना मात्र त्यांनी कधी भोपळा दिला नाही. कोऱ्या पेपरलाही अर्धा गुण. "नाव शुद्ध लिहिलंय ना, मग?" दहावीतली कच्ची सहा मुलं दर रविवारी त्यांच्या घरी असायची, आधी घावणे, मग भूमिती. स्टाफरूममध्ये मी टोकलं की ठेवणीतलं मालवणी बाहेर पडायचं, "गप ऱ्हवा, माका शिकवू नकात."

त्या वर्षी शाळेचं मूल्यमापन व्हायचं होतं. शाळा लहान, दहावीची एकच तुकडी. सहाजण नापास झाले की निकाल कोसळणार. मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. त्या सहाजणांना शाळेतून काढायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवायचं, म्हणजे नापास झाले तरी शाळेला डाग नाही. फॉर्म मीच भरले, सुवाच्य अक्षरात. वर्गशिक्षिका म्हणून बाईंची सही हवी होती. त्यांनी सहाही फॉर्म फाडले.

"मूल्यमापन शाळेचं ना? मग शाळेत आहेत ते सगळे मोजा."

सहाहीजण शाळेतूनच बसले. चार पास झाले, दोन नापास. समिती आली, निकालाचा कागद पाहिला, समोसे खाल्ले आणि एकाही वर्गात न डोकावता खालची श्रेणी देऊन गेली. सभेत मुख्याध्यापक म्हणाले, "एकीच्या हट्टापायी सगळ्यांची वाट लागली." बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मी हजेरीपटात डोकं खुपसलं. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून दहावी काढून घेतली आणि पाचवीची चित्रकला दिली. दिवाळीनंतर त्या राजीनामा देऊन गावी गेल्या. कोणी निरोपसमारंभसुद्धा केला नाही.

परवा दर्शना आली, त्या नापास दोघांपैकी एक. पुन्हा बसून पास झाली, आता नर्सिंग करतेय. बाईंना पेढे द्यायला आली होती. त्या इथे नाहीत म्हटल्यावर तिने डबा माझ्या हातात ठेवला.

"सर, बाई आम्हाला सांगायच्या, 'स्टाफरूममधले सगळे तुम्हा पोरांच्याच बाजूने आहेत.' तुम्ही पण होतात ना?"

मी हो म्हणालो. तिने वाकून नमस्कार केला.