बिनधुराची धुरी

विठ्ठलवाडी स्टेशनामागच्या चाळींमध्ये कुणाकडे मूल झालं, की नाव काय ठेवायचं यावरून भांडणं होत. पण त्याला न्हाऊ कोण घालणार यावरून कधी होत नसत. भागीरथीला निरोप जायचा. ती यायची, उंबऱ्यापाशी चपला काढायची, पदर खोचायची आणि बाळाचं तोंड बघायच्या आधी म्हणायची, "खिडकी लावा बघू ती." खिडकी लागल्याशिवाय तिचा हात तेलाच्या वाटीकडे जात नसे. आधी चोळणं, मग कढत पाण्याची अंघोळ आणि शेवटी धुरी. धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर ओवा, लसणाच्या साली आणि धूप टाकून ती आपल्या लोखंडी फुंकणीने असं काही फुंकायची की बाजेवरची बाळंतीण आणि मांडीवरचं बाळ दोघंही दिसेनाशी होत. बाळ ठसकलं तर म्हणायची, "ठसकू दे. कफ सुटतोय."

धुरी देणाऱ्या बाया दुसऱ्याही होत्या. पण त्यांची ती नुसती धुरी, आणि हिची ती भागीरथीची धुरी. पलीकडे निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी घरांतूनही तिला बोलावणं यायचं आणि तिथल्या मोठ्या घरच्या सासवा आपल्याला अम्मा म्हणतात, हे चारचौघींत सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. बाईला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही. जुन्नरकडून नवऱ्याबरोबर आली, तरणेपणी नवरा गेला, तेव्हा ह्या दोन हातांवरच तिने एकुलत्या आनंदाला वाढवलं. तो अंबरनाथला कारखान्यात लागला आणि जांभूळ गावची कुंदा सून होऊन घरात आली.

मग नातू झाला, गुरुदत्त. परक्यांच्या बाळांना महिना-दीड महिना धुरी, पण घरच्या बाळाला कसली आलीय मोजदाद? भागीरथीने त्याला चालायला लागेपर्यंत शेकला. आणि नेमकी ह्याच पोराची छाती वाजायला लागली.

पाच वर्षांचा झाला तरी वाजतच होती. पहाटे उठून बसायचा, खांदे वर ओढायचा आणि बोलायला गेला तर अर्धा शब्द ओठांवर आणि अर्धा आत राहायचा. डॉक्टर बाळदमा म्हणाले, पण भागीरथीने तो शब्द घरात येऊच दिला नाही. दमा म्हाताऱ्यांना होतो, तिच्या हातच्या पोराला कशाला होईल? हा सगळा कारखान्यांच्या गॅसचा प्रताप, असं तिने ठरवून टाकलं. आता संध्याकाळी वालधुनी नदीवरून वारा सुटला की अख्खी चाळ डोळे चोळत बसायची, त्यामुळे तिला खोटं कोण पाडणार? ती खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबायची, स्टोव्ह आत ओढायची आणि पोराचा श्वास जास्तच अडला की धुपाटणं पेटवायची.

दर मेच्या सुट्टीत कुंदा त्याला माहेरी, जांभूळला न्यायची. तिथे पोरगं आंब्याच्या झाडावरून उतरायला तयार नसायचं. परत आलं की आठवड्याच्या आत छाती पुन्हा सुरू. कुंदा कमी बोलणारी, पण बघणारी. एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "आत्याबाई, येत्या जूनपासून गुरूला जांभूळलाच ठेवते. शाळा हाय तिथं. माझी आई सांभाळंल."

भागीरथी नको म्हणणार तरी कशी? गॅसने होतंय हे तिनेच साऱ्या जगाला सांगितलं होतं. गॅस काही तिच्या सांगण्यावरून उठून जाणार नव्हता, म्हणजे जायचं ते पोरालाच. त्या दिवसापासून ती गुरूचं डोकं उगाचच पुन्हा पुन्हा विंचरू लागली.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर चाळीत डॉक्टर उमा कर्णिक आल्या. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात लहान मुलांच्या दम्यावर संशोधन करत होत्या. पोरं कुठल्या हवेत श्वास घेतात ते मोजायला त्या विठ्ठलवाडी आणि अंबरनाथच्या वस्त्यांतून हिंडत होत्या. बाकीच्या बायका दारं अर्धी लावून बघत राहिल्या, भागीरथीने मात्र हाताला धरून घरात नेलं, चहा ठेवला आणि सांगितलं, "लिवा डॉक्टरीणबाई. गॅसनं होतंय."

"लिहीन की मावशी. आधी मोजू या," उमा म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून एक नळी काढली. तिच्यात जोर लावून फुंकायचं, की वरचा काटा पुढे सरकायचा. जितका दम, तितका काटा. गुरूने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "फुंकणी आहे?" उमा हसल्या. त्या दिवसापासून त्या यंत्राला चाळीत दुसरं नाव उरलं नाही.

गुरूने फुंकलं. काटा जरासा हलला आणि थांबला.

"असं न्हवं रं. आण इकडं," भागीरथी म्हणाली. जिचा जन्म निखारे फुंकण्यात गेला तिला कोण शिकवणार? तिने पदर सावरला, छाती भरून घेतली आणि फुंकलं. काटा नातवाच्या काट्याच्या थोडा पुढे गेला आणि तोही थांबला. यंत्र बिघडलंय, असं तिने जाहीर केलं. मग उमांनी फुंकून दाखवलं. काटा सरळ दुसऱ्या टोकाकडे गेला. उमांनी भागीरथीचा आकडाही वहीत लिहून घेतला.

मग त्यांनी दोन छोटे पंप काढले. ते हवा ओढून घ्यायचे आणि हवेतली घाण आतल्या पांढऱ्या गोल कागदावर धरून ठेवायचे. एक गॅलरीच्या कठड्याला, वालधुनीच्या बाजूला बांधायचा. दुसरा भागीरथीने कमरेला लावून दिवसभर आपलं काम करायचं आणि रात्री गुरूच्या उशाशी ठेवायचा. तिला हे भलतंच पसंत पडलं. कमरेला मशीन लावून ती तीन घरी न्हाऊ घालून आली आणि जाताना-येताना सगळ्यांना सांगत सुटली, की गॅलरीतला कागद उद्या कोळसा होणार बघा.

दुसऱ्या दिवशी उमांनी दोन्ही कागद पाटावर ठेवले. गॅलरीतला मळका, राखी झाला होता. भागीरथीच्या कमरेचा काजळासारखा काळा होता.

"अदलाबदल झाली असंल," भागीरथी म्हणाली.

"मग पुन्हा करू," उमा म्हणाल्या. ह्या खेपेला भागीरथीने कुंदाच्या करंड्यातलं कुंकू घेऊन आपल्या कागदाच्या कडेला स्वतः ठिपका दिला. कुणी फसवायला नको. पुन्हा दिवस गेला, पुन्हा कागद पाटावर आले. काळ्या कागदावर कुंकवाचा ठिपका होता.

भागीरथीने ठिपक्यावरून बोट फिरवलं. उमा म्हणाल्या, "बाहेरची हवा चांगली आहे असं मी म्हणत नाही मावशी. वाईटच आहे, आणि तसं मी लिहिणार आहे. पण त्या हवेतून तो येतो-जातो. ह्या हवेत तो खिडकी लावून झोपतो." मग त्यांनी विचारलं, "जांभूळला चूल नाही का?"

"हाय की. पण ती परसात. आन् पोरगं ओट्यावर निजतंय, वाऱ्याला." भागीरथी बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

मग तिचा पारा चढला. "सारी पोरं माझ्या हातची हायत. मेली का ती?"

"नाही. पुष्कळशी धडधाकट आहेत. काहींना सोसतं, काहींना नाही. गुरूला सोसत नाही."

ह्यावर भागीरथी उठून मोरीत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. अपमान झाला होता, आणि अपमानाहून वाईट म्हणजे तिला ते पटत होतं. ज्या हातांचा एवढा तोरा, त्याच हातांनी आपण पोराचा गळा धरला, हे तिला सहन होईना. ती रडली. मग रडता रडताच एकाएकी थांबली. गॅस असता तर पोराला जावं लागलं असतं. पण हा आपला धूर. आपला धूर आपल्याला विझवता येतो.

उमा जिना उतरत होत्या. भागीरथी ओल्या हातांनी कठड्यापाशी धावली. "बाई, म्हंजे त्याला जांभूळला धाडायची गरज न्हाई?"

"नक्की सांगत नाही. गाद्यांची धूळ आहे, बाहेरचा वास आहे. पण जे आपल्या हातात आहे ते जूनपर्यंत करून बघू."

आयुष्यात पहिल्यांदाच भागीरथीला आपली चूक निघाल्याचं बरं वाटलं.

फटींतल्या चिंध्या निघाल्या. स्टोव्ह गॅलरीत गेला. कासवछाप अगरबत्त्या बंद होऊन मच्छरदाणी आली. गाद्या-गोधड्या दर रविवारी गच्चीवर उन्हात पडू लागल्या आणि भागीरथी त्या काठीने अशी बडवायची, की मागचा सगळा राग त्यांच्यावर निघायचा. डॉक्टरांनी तोंडात ओढायचा औषधाचा पंप दिला, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, त्याची सवय लागते. भागीरथी म्हणाली, "श्वास घ्यायची बी सवयच हाय की, ती मोडू का?" उमांच्या दर फेरीला फुंकणीवरचा गुरूचा काटा थोडा थोडा पुढे सरकू लागला.

फेब्रुवारीत मात्र एक पहाट वाईट आली. गुरूचे ओठ काळसर पडले. घाबरलेल्या भागीरथीच्या हातांनी जुनं तेच केलं. तिने धुपाटणं ओढलं, निखारे घेतले. कुंदा दारात उभी राहून बघत होती. सासूकडे अशा नजरेने तिने कधीच पाहिलं नव्हतं. भागीरथीने निखाऱ्यांवर तांब्या ओतला. गुरूला मांडीत ताठ बसवला, खिडकी सताड उघडली आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा पंप त्याच्या तोंडाशी धरला. थोड्या वेळाने पोराचे खांदे खाली आले आणि त्याने अख्खं वाक्य बोलून दाखवलं, "आजी, मला भूक लागली."

जूनमध्ये कुंदा त्याचा हात धरून निघाली. जांभूळला नव्हे, चाळीसमोरच्या शाळेत.

राहिला प्रश्न धंद्याचा. धुरी नाही म्हटल्यावर बायका नाक मुरडू लागल्या. धुरीशिवाय कसलं बाळंतपण? दोन-चार घरं तुटलीही. मग भागीरथीने ओवा तव्यावर गरम करून मऊ फडक्यात बांधला आणि त्या पुरचुंडीने बाळाची छाती-पाठ हलकेच शेकायला सुरुवात केली. बाळाला टेकवण्याआधी ती स्वतःच्या गालाला लावून बघायची. कॅम्पातली एक सासू हटून बसली, "अम्मा, धूप नहीं दोगी?" भागीरथी आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "खुशबू आता है ना? वो बच्चेका. धुआँ किसीका नहीं." सासूने पुरचुंडी हुंगली आणि बाळ पुढे केलं. वर्षा-दोन वर्षांत लोक पुन्हा भागीरथीची धुरी म्हणू लागले. त्यात धूर नव्हता एवढंच.

एक्याण्णव साली कुंदाला मुलगी झाली. पाहणीतली मुलं आता कशी आहेत ते बघायला उमा पुन्हा चाळींत हिंडत होत्या, त्या बारशाआधीच येऊन टपकल्या. भागीरथीला आता जिना चढताना दोनदा टेकावं लागे, म्हणून कुंदाने दुसरी बाई सांगितली असेल असं त्यांना वाटलं. कुंदा म्हणाली, "छे. आंघोळ आत्याबाईच घालणार." हे ऐकून म्हातारी उगाचच तेलाची वाटी शोधत राहिली, वाटी तिच्या हातातच होती.

तिने पदर खोचला. "गुरू, खिडकी उघड बघू ती."

अंघोळ झाली, पुरचुंडी फिरली, बाळ झोपलं. उमांनी ओळखीची नळी काढली. दहा वर्षांच्या गुरूने फुंकलं आणि काटा झपकन पुढे गेला. मग हट्टाने त्याने नळी आजीच्या हातात दिली. भागीरथीने छाती भरून घेतली आणि फुंकलं. काटा पाच वर्षांपूर्वी थांबला होता तिथेच थांबला.

"आजी, तुझा काटा हलतच नाही," गुरू म्हणाला.

उमा काहीतरी समजावायला पुढे झाल्या. भागीरथीने त्यांना हाताने थांबवलं. जन्मभर फुंकलेला धूर आपल्याच छातीत बसलाय, हे तिला कधीचंच समजलं होतं. तिने नळी पदराने पुसली आणि नातवाच्या हातात परत दिली.

"तो तिथंच राह्यचा, बाळा. माझं फुंकून झालंय. आता तू फुंक."